विकर तेच, मग औषध का नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने करांची फेररचना केली, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने टीव्ही, मोटारी आणि साबण-शांपू किती स्वस्त होणार याच्या हिशेबांनी भरून गेले होते. त्याच निर्णयांच्या एका कोपऱ्यात तीन औषधांची नावे होती. त्यांच्यावरचा पाच टक्के कर शून्यावर आणला गेला. त्यांतले एक नाव होते इमिग्लुसिरेज. हे नाव उच्चारताना जीभ अडखळते, आणि ज्या घरांत ते रोज उच्चारले जाते अशी घरे देशात फार थोडी. तेव्हा त्याचा मथळा झाला नाही, यात नवल नाही. पण विज्ञान, बाजार आणि सरकार यांच्या तिढ्यात सामान्य माणूस कसा सापडतो हे समजून घ्यायचे, तर या एका नावाइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

इमिग्लुसिरेज म्हणजे माणसाच्याच शरीरातले एक विकर, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून करवून घेतलेले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक कामे उरकणारा कारागीर. तोंडातली लाळ भाकरीचे पीठ पचवू लागते ती विकरांमुळेच. आपल्या प्रत्येक पेशीत जुन्या, झिजलेल्या मालाची मोडतोड करणारा एक कप्पा असतो, त्याला लायसोसोम म्हणतात. तेथे एका विशिष्ट स्निग्ध पदार्थाची विल्हेवाट लावण्याचे काम ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाच्या विकराकडे असते. हा कारागीर जन्मतःच अधू असेल तर मोडतोड थांबते आणि कचरा साठत जातो. प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात ती, फुगत जाते. यकृत वाढते, रक्त कमी होते, हाडे दुखू लागतात. फ्रान्समधील फिलिप गोशे याने वैद्यकाचा विद्यार्थी असताना १८८२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून याचे नाव गोशे रोग. आपल्याकडचे बरेच डॉक्टर त्याला गौचरही म्हणतात. त्यात विकर कमी पडते, हे अमेरिकेतील रॉस्को ब्रेडी यांनी दाखवले ते १९६५ च्या सुमारास.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरचा. चिखली-खामगाव रस्त्यावरचे आमचे गाव. सोयाबीन, कपाशी आणि तुरीच्या भावावर येथले वर्ष बरे की वाईट ते ठरते. शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही दवाखान्याचे कागद घेऊन लोक दारात येतात. कुणाला रक्ताचा रिपोर्ट समजून घ्यायचा असतो, कुणाला गोळीचे नाव वाचून हवे असते. काही महिन्यांपूर्वी ओळखीतले एक गृहस्थ असाच एक कागद घेऊन आले. त्यांच्या लेकीच्या मुलाला गोशे रोगाचे निदान झाले आहे. पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्याने जैवरसायने पुरवणाऱ्या एका कंपनीच्या सूचीतले पान छापून पाठवले होते. त्यावर लिहिलेले होते, ‘मानवी ग्लुकोसेरेब्रोसिडेज, पुनर्संयोजित, दहा मायक्रोग्रॅम’. पुढे काही हजार रुपयांची किंमत. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ, ‘केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही’.

“सर, हे तेच औषध हाये ना?” त्यांनी विचारले. “मंग आपल्याले तिकडं लाखो रुपये कायले सांगतात?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट, देशाच्या औषध धोरणावरील परिसंवादात विचारला जावा असाच तो आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे.

बोंडातले विज्ञान

आधी ‘पुनर्संयोजित’ हा शब्द पाहू. तो बोजड वाटतो, पण आमच्या भागातल्या शेतकऱ्याला तो अनोळखी नाही. केवळ त्याचे हे नाव त्याला कुणी सांगितलेले नाही. २००२ च्या मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते बियाणे आणण्यात आमच्या शेजारच्या जालन्याची महिको कंपनी पुढे होती. जमिनीतल्या एका जिवाणूतील जनुक कपाशीत घातले, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन ते झाड स्वतःच तयार करू लागते. एका सजीवाच्या जनुकाची जोड दुसऱ्याच्या जनुकांना द्यायची, आणि त्याच्याकडून हवे ते प्रथिन करवून घ्यायचे. पुनर्संयोजन म्हणतात ते एवढेच.

गावातल्या औषधाच्या दुकानात फ्रीजमध्ये ठेवलेले मानवी इन्सुलिन हीही त्याच विद्येची देणगी. अमेरिकेत ते १९८२ मध्ये बाजारात आले. त्यापूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये असे मानवी इन्सुलिन भारतीय बाजारात आणले, आणि या कंपनीचे कारखाने आमच्या विभागाच्या वेशीवर, तेव्हाच्या औरंगाबादेत. म्हणजे ही विद्या आता सातासमुद्रापलीकडची राहिलेली नाही.

गोशे रोगावरच्या विकराचा प्रवासही इन्सुलिनसारखाच झाला. १९९१ मध्ये अमेरिकेत या विकराच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, ते बाळंतिणीच्या वारेतून काढलेले होते. एका रुग्णाच्या एका वर्षाच्या औषधासाठी सुमारे २० हजार वारा लागत! जगभरच्या प्रसूतिगृहांतून वारा गोळा करून किती रुग्ण जगवणार? १९९४ मध्ये हाच कारागीर चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून तयार करून घेण्यात यश आले. तेच इमिग्लुसिरेज. पुढे २०१२ मध्ये इस्रायलच्या एका कंपनीच्या औषधाला मान्यता मिळाली. त्यातले विकर तर गाजराच्या पेशींत वाढवलेले आहे.

दहा मायक्रोग्रॅमचा हिशेब

आता सूचीतल्या त्या कुपीकडे येऊ. नाव तेच, जनुकही तेच. मग अडचण कोठे?

पहिली अडचण साध्या गणिताची आहे, आणि ती मी त्या गृहस्थांना वहीच्या पानावर मांडून दाखवली. या विकराची पूर्ण मात्रा किलोमागे ६० एकक, दर पंधरा दिवसांनी एकदा, सलाइनमधून. मुलाचे वजन १५ किलो धरले तर एका वेळी ९०० एकक. चारशे एककांच्या औषधी कुपीत साधारण दहा मिलिग्रॅम विकर असते. म्हणजे या मुलाला दर पंधरवड्याला अंदाजे २२ मिलिग्रॅम विकर लागेल. सूचीतल्या कुपीत आहे दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. भागाकार केला तर एका वेळच्या मात्रेला २ हजार २०० कुप्या लागतात. समजा, एक कुपी दहा हजार रुपयांना मिळाली, तरी एका पंधरवड्याचा खर्च झाला दोन कोटी वीस लाख. स्वस्त दिसणारी वस्तू मोठ्या मापाने मोजली की तिचे खरे रूप कळते. केशर ग्रॅमवर घेतो म्हणून ते परवडते, पोत्याने कुणी घेत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. प्रयोगशाळेतल्या कामासाठी विकर पुष्कळदा जिवाणूंमध्ये वाढवतात. परीक्षानळीतल्या प्रयोगांना ते पुरते. पण जिवाणूंच्या आवरणाचे सूक्ष्म अंश त्यात उरले आणि ते माणसाच्या रक्तात गेले, तर थंडी-ताप भरून रुग्णाचा जीवही धोक्यात येऊ शकतो. शिवाय मानवी विकरावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात आणि जिवाणू सहसा त्या जोडत नाही. गोशे रोगात त्या साखळ्यांचेच महत्त्व फार. कचरा साठलेला असतो तो भक्षकपेशींत, आणि मॅनोज नावाची साखर टोकाला दिसली तरच या पेशी बाहेरून आलेले विकर आत घेतात. ही साखर म्हणजे पाकिटावरचा पत्ता. पत्ता नसेल तर आतला मजकूर कितीही मोलाचा असो, टपाल घरी पोचत नाही. म्हणून औषधाच्या कारखान्यात हॅमस्टरच्या पेशींनी विकर तयार केल्यावर त्यावरच्या साखळ्या मुद्दाम छाटून मॅनोज उघडी करतात.

तिसरी गोष्ट सातत्याची. औषधाच्या प्रत्येक घाण्याची शुद्धता, निर्जंतुकता आणि ताकद तपासून नोंदवावी लागते. आजचा घाणा आणि सहा महिन्यांनंतरचा घाणा सारखाच निघायला हवा. २००९ मध्ये अमेरिकेतील ज्या कारखान्यात इमिग्लुसिरेज तयार होत असे, तेथल्या पेशींना एका विषाणूची लागण झाली. तो विषाणू माणसाला रोग देणारा मानला जात नव्हता, तरीही उत्पादन थांबवले गेले आणि जगभरच्या रुग्णांना महिनोन् महिने कमी मात्रेवर दिवस काढावे लागले. एवढी काटेकोर व्यवस्था उभी करायला पैसा लागतो. सूचीतल्या कुपीमागे ही व्यवस्था नसते, आणि कुपीवरची ती बारीक ओळ हेच प्रामाणिकपणे सांगत असते.

तेव्हा माझे पहिले सांगणे स्पष्ट आहे. संशोधनासाठी विकलेले विकर कुणी कितीही भरवसा दिला तरी रुग्णाच्या अंगात जाता कामा नये. हतबल माणसाला हा मोह पडतो, आणि त्याचा फायदा घेणारेही भेटतात.

मग ती कुपी कशाला?

संशोधनाची ती कुपी बिनकामाची आहे, असे मात्र कुणी समजू नये. शुद्ध विकर हाताशी असेल तरच त्याच्यावर काय परिणाम करते, काय त्याला टिकवते, काय मोडते हे पाहता येते. एक उदाहरण सांगतो. २००९ मध्ये टोरांटोतील संशोधकांनी याच विकरावर हजाराहून अधिक जुनी, मान्यताप्राप्त औषधे लावून पाहिली. विकर तापवले की त्याची घडी उसवते. कोणते औषध जवळ असले की ती घडी टिकून राहते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यातून एक नाव पुढे आले ते अँब्रोक्सॉल, म्हणजे खेड्यापाड्यातल्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीत मिळणारे औषध! असेही आढळले होते, की या विकराच्या जनुकात दोष असलेल्यांना कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा धोका अधिक असतो. म्हणून त्या रुग्णांवरही अँब्रोक्सॉलच्या चाचण्या सुरू झाल्या. २०२० मध्ये लंडनमधील एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आता मोठी चाचणी ब्रिटनमध्ये हाती घेतली गेली आहे. तिचा निकाल यायचा आहे. चाचणीतली मात्रा खोकल्याच्या मात्रेच्या अनेक पट असते, तेव्हा वाचकांनी स्वतःच्या मनाने ती बाटली उघडू नये, हे वेगळे सांगायला नको.

मुद्दा असा, की मूठभर रुग्णांच्या आजारासाठी झालेला अभ्यास उद्या गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या थरथरत्या हातांना उपयोगी पडू शकतो. पण त्याची सुरुवात त्या दहा मायक्रोग्रॅमच्या कुपीपासून होते, आणि आपल्या देशात तीच कुपी मिळवताना संशोधकाच्या नाकी नऊ येतात. अशी बरीच विकरे परदेशातून येतात, थंड पेटीतून, आठवडे लावून. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरची आयात जकात दहा टक्क्यांवरून एकदम दीडशे टक्क्यांवर नेण्यात आली. दुसऱ्याच कुठल्या गैरवापराला आळा घालण्याचा तो प्रयत्न होता, पण त्यात संशोधनसंस्था चिरडल्या जाणार होत्या. ओरड झाली आणि खऱ्या संशोधनासाठीची जकात पुन्हा दहा टक्के करण्यात आली. चूक सुधारली हे चांगले झाले. पण ती घडूच कशी शकली? निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी प्रयोगशाळेतला माणूस बसलेला नसतो, एवढाच याचा अर्थ. जून २०२५ मध्ये विज्ञानसंस्थांना सरकारी खरेदी संकेतस्थळाबाहेरून उपकरणे आणि रसायने घेण्याची मोकळीक मिळाली, हे त्या मानाने शहाणपणाचे पाऊल.

पन्नास लाख आणि आयुष्यभर

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका रिक्षाचालकाच्या मुलाचे प्रकरण आले. मुलाला गोशे रोग होता आणि औषधाचा खर्च बापाच्या स्वप्नातही मावणारा नव्हता. पैसे नाहीत म्हणून मुलाला मरू देता येणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने सरकारला औषध पुरवायला सांगितले. त्या व त्यानंतरच्या लढ्यांतून २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. काही मोठी रुग्णालये उत्कृष्टता केंद्रे ठरली. मुंबईचे केईएम हे त्यांपैकी एक. मे २०२२ मध्ये रुग्णामागे पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली.

पन्नास लाख ही रक्कम आमच्या गावात ऐकली तर माणसे डोळे विस्फारतात. पण त्याच धोरणाच्या मसुद्यात म्हटले आहे, की दहा किलो वजनाच्या मुलासाठी काही दुर्मिळ आजारांचा वर्षाचा खर्च दहा लाखांपासून एक कोटीहून अधिक असू शकतो, आणि वजन वाढेल तसा तो वाढतो. विकर आयुष्यभर घ्यावे लागते. मग पन्नास लाख किती वर्षे पुरणार? बाळसे धरणारे लेकरू म्हणजे घरचा आनंद. येथे मात्र मुलाच्या वजनाचा प्रत्येक किलो आईबापांच्या पोटात गोळा आणतो. कंपन्यांच्या धर्मादाय योजनांतून काही भारतीय रुग्णांना अनेक वर्षे औषध मिळाले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. पण धर्मादाय म्हणजे हक्क नव्हे, तेथे रांग असते आणि नशीबही लागते.

अर्थात सगळे चित्र काळे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केले, की दुर्मिळ आजारांवरची चार औषधे आता भारतीय कंपन्या बनवू लागल्या आहेत. त्यांत गोशे रोगावरची एलिग्लुस्टॅट ही कॅप्सूल होती. तिचा वर्षाचा खर्च एक कोटी ऐंशी लाख ते तीन कोटी साठ लाखांवरून तीन ते सहा लाखांवर आल्याचे सरकारने सांगितले. किंमत किती फुगवलेली असू शकते, आणि इच्छा असली तर ती किती खाली येऊ शकते, याचा याहून बोलका पुरावा नाही. मात्र त्या चारही औषधांचे रेणू लहान आहेत, ते रसायनशाळेत जुळवता येतात. एलिग्लुस्टॅटला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली तीही प्रौढ रुग्णांसाठी. लहान मुलाला विकरच लागते, आणि विकर बनवायला जिवंत पेशींचा कारखाना लागतो.

कारागीर आहेत, गिऱ्हाईक नाही

असा कारखाना आपल्याला जमणार नाही का? जमलेला आहे! हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे मानवी विकराचेच थोडे बदललेले रूप. ते पुण्याची जिनोव्हा कंपनी बनवते आणि देशभरच्या रुग्णालयांत ते वापरले जाते. इन्सुलिनचे उदाहरण वर आलेच. इमिग्लुसिरेजला तीस वर्षे होऊन गेली, आणि एकस्वाची, म्हणजे पेटंटची मुदत वीस वर्षांची असते. तेव्हा विद्या आहे, माणसे आहेत, कायद्याची मूळ भिंतही झिजली आहे. नाही ते गिऱ्हाईक. हृदयविकाराचे रुग्ण लाखांनी आहेत, गोशे रोगाचे थोडे. थोड्या रुग्णांसाठी कोट्यवधींचा कारखाना आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या कोण उभ्या करील? व्यापाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या मालाला बाजार नाही त्याला हमीभाव लागतो, हे विदर्भाच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सरकारने नेमके तेच करावे. ठरलेल्या दर्जाचे विकर देशात कुणी तयार केले तर दहा वर्षे ठरलेल्या भावाने ठरावीक माल घेऊ, असे लेखी वचन द्यावे. आज रुग्णागणिक पन्नास लाख वाटण्यात जो पैसा परदेशी कुपीवर खर्च होतो, त्यातूनच या हमीचा बराचसा भार निघेल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जैवनिर्मितीला उत्तेजन देणारे बायो-ई-थ्री धोरण मंजूर केले. त्यात अशा औषधी विकरांना पहिल्या पंगतीला बसवावे. पुण्या-मुंबईच्या संशोधनसंस्थांना लागणारी शुद्ध विकरे देशातच तयार व्हावीत, म्हणजे कुपीपासून औषधापर्यंतची वाट एकाच मातीतून जाईल. अहमदाबादेत जयेश शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय गोशे रुग्णांत जनुकातला कोणता दोष अधिक आढळतो याचा अभ्यास केला आहे. त्या दोषावरचे औषध शोधण्याची घाई परदेशी कंपनीला नसेल, आपल्याला असायला हवी.

आणि एक छोटी सूचना जिल्ह्याच्या पातळीवरची. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे आणि तास-दोन तासांत सलाइनमधून द्यायचे. निदान आणि सुरुवात केईएमसारख्या केंद्रात व्हावी, हे योग्यच. पण पुढची प्रत्येक मात्रा घेण्यासाठी चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला दर पंधरा दिवसांनी जाणे, म्हणजे मजुरी बुडवून गाडी गाठणे. प्रशिक्षित परिचारिका आणि भरवशाचा फ्रीज एवढे असले तर बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातही हे काम होऊ शकते. त्याला नवे धोरण लागत नाही, एक शासकीय आदेश पुरतो.

या आजाराचे काही प्रकार मेंदूपर्यंत जातात आणि तेथे हे विकर पोचत नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्वच मुले यातून वाचतील असे नाही. पण ज्या प्रकारात मेंदू सुरक्षित असतो, त्या मुलांची फुगलेली पाणथरी या औषधाने उतरते, रक्त भरते, ती शाळेत जातात, मोठी होतात. त्यांच्या बाबतीत आजार असाध्य आहे, असे आता विज्ञान म्हणत नाही. तसे म्हणत असेल तर आपला ताळेबंद म्हणतो.

‘माणसांवर वापरण्यासाठी नाही’ ही ओळ कुपीवर असलीच पाहिजे, ती रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. पण त्या कुपीतले ज्ञान माणसांपर्यंत आणण्याचे काम कुणीतरी अंगावर घ्यावे लागते. पाच टक्के कर माफ करणे ही त्याची सुरुवात झाली. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचे काय, हे आता सरकारला विचारत राहायला हवे.